सोसायटीच्या बिलातून क्लास इनहेरिटन्स: प्रकल्पाच्या नोंदी

काम असं आहे. ४८ गाळ्यांची गृहनिर्माण सोसायटी, तीन विंग, ४२ सदनिका आणि तळमजल्यावर ६ दुकानं. मासिक मेंटेनन्सचं बिल आजवर एक्सेलमध्ये निघत होतं. ते पायथनमध्ये आणायचं, आणि आणताना इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याच्या मेथड वारशाने घेणं, नीट वापरायचा. इनहेरिटन्स नुकताच शिकलेल्यांनी हेच काम करून पाहिलं तर कुठे अडेल, ते कळावं म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. पायथन ३.१२ वापरलं. क्लास आणि मेथड यांची नावं देवनागरीत ठेवली, पायथन ३ ला ती चालतात. कीवर्ड, पायथनची स्वतःची नावं (सुपर, प्रिंट वगैरे) आणि आकडे फाइलमध्ये रोमनच असतात. इथे ते सगळं देवनागरीत लिहिलं आहे, त्यामुळे खालचे तुकडे जसेच्या तसे चिकटवून चालणार नाहीत.

नोंद १, १ जून. वेळ: अडीच तास

आधी बिलातले आकार कागदावर उतरवले. उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या गाळ्यांना समान, सध्या महिना १,८५० रुपये. लिफ्ट समान, २५० रुपये. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी वार्षिक ०.७५ टक्के. पाणी नळांच्या संख्येवर, नळामागे ७५ रुपये. गाळा भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी, सेवा शुल्काच्या १० टक्के.

नमुना म्हणून बी-२०३ धरली: बांधकाम खर्च २४,००,००० रुपये, ४ नळ. हिशोब हाताने केला: १,८५० + २५० + ५०० + १,५०० + ३०० = ४,४०० रुपये. पुढची प्रत्येक चाचणी या आकड्यावर घेतली. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी असा एक हिशोब हाताने करून भिंतीवर लावाच. नंतरच्या तीन चुका केवळ त्यामुळे पकडल्या गेल्या.

पहिली अडचण इनहेरिटन्सची नव्हती, टायपिंगची होती. ‘भाडेकऱ्याचं’ हे नाव कीबोर्डवरून टाइप झालं तेव्हा त्यात न दिसणारं जोडक अक्षर शिरलं, यू+२००डी. पायथनने ‘इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर’ म्हणून ओळ नाकारली. स्क्रीनवर शब्द अगदी बरोबर दिसतो, म्हणून ४० मिनिटं गेली. ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ ही दोन अक्षरं काही कीबोर्ड अशीच जोडक घालून बनवतात. नावांतून ती टाळलेलीच बरी. दुसरं असं की कोडमध्ये आकडा म्हणून थेट १८५० देवनागरीत लिहिला तर पायथन घेत नाही, पण अवतरणातला देवनागरी आकडा ‘इंट’ किंवा ‘डेसिमल’ला दिला तर तो वाचतो. म्हणून सदस्यांच्या यादीतले देवनागरी आकडे बदलावे लागले नाहीत.

नोंद २, ३ जून. वेळ: दोन तास

पहिली रचना कुणालाही सुचेल तशीच केली. वर ‘गाळा’, त्याखाली ‘सदनिका’ आणि ‘दुकान’, आणि ‘सदनिका’खाली ‘भाड्याचीसदनिका’.

    क्लास सदनिका(गाळा):
        पास

कंसात पालकाचं नाव लिहिलं की झालं. आतमध्ये काहीही नसलं तरी ‘सदनिका’चं ऑब्जेक्ट बनतं, त्याला नळ असतात, ‘पाणी’ मेथड चालते आणि ३०० हा आकडा मिळतो. इथे एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. ‘भाड्याचीसदनिका.एमआरओ()’ छापलं की शोधाचा क्रम दिसतो: भाड्याचीसदनिका, सदनिका, गाळा, ऑब्जेक्ट. पायथन मेथड याच क्रमाने शोधतो आणि पहिली सापडेल तिथे थांबतो. मुलाकडे पालकाच्या मेथडची नक्कल जात नाही. पालकातला पाण्याचा दर बदलला की तिन्ही मुलांचा आकडा त्याच क्षणी बदलतो, कारण शोध दर वेळी नव्याने होतो. पुढच्या निम्म्या चुका या एका वाक्यातून समजतात.

नोंद ३, ४ जून. वेळ: दीड तास, त्यातला तास वाया

दुकानांना पाटीचं भाडं लागतं. म्हणून ‘दुकान’ला स्वतःचं ‘इनिट’ (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) लिहिलं आणि त्यात ‘सेल्फ.पाटी’ ठेवलं. सहाही दुकानं बिनतक्रार तयार झाली. बिल काढताना मात्र एरर आला: ‘दुकान’ ऑब्जेक्टला ‘नळ’ नावाचं ॲट्रिब्यूट नाही.

मुलाने स्वतःचं ‘इनिट’ लिहिलं की पालकाचं आपोआप चालत नाही. शोध पहिल्या सापडलेल्या ‘इनिट’पाशीच थांबतो, त्यामुळे क्रमांक, नळ, बांधकाम खर्च यातलं काहीच बसलं नव्हतं. चूक एका ठिकाणी असते आणि एरर दुसऱ्याच ठिकाणी येतो, तास गेला तो त्यापायी. सगळा वेळ ‘पाणी’ मेथड तपासण्यात गेला, आणि ती बरोबरच होती.

    डेफ __इनिट__(सेल्फ, क्रमांक, खर्च, नळ, पाटी):
        सुपर().__इनिट__(क्रमांक, खर्च, नळ)
        सेल्फ.पाटी = पाटी

‘सुपर’ची, म्हणजे पालकाचं ‘इनिट’ बोलावणारी, ओळ पहिली ठेवली. मुलाला नवीन काही साठवायचं नसेल तर ‘इनिट’ लिहूच नका. ‘सदनिका’त ते नव्हतं, म्हणून ती पहिल्या दिवसापासून नीट चालली.

नोंद ४, ६ जून. वेळ: दोन तास. खर्च: ९६ रुपये

थकबाकी जोडली. ‘गाळा’ क्लासच्या अंगात, ‘इनिट’च्या बाहेर, ‘थकबाकी’ नावाची रिकामी यादी ठेवली. बी-२०३ च्या यादीत ४,४०० ची एक नोंद टाकली. चाचणीसाठी ४८ बिलं छापली तर ४८ ही बिलांवर ४,४०० ची थकबाकी. दुकानांवरसुद्धा. दोन रुपये पानाने ९६ रुपये रद्दीत गेले. छापण्याआधी पीडीएफ उघडून बघायला हवी होती.

कारण असं की क्लासच्या अंगातली यादी एकच असते, आणि सगळी मुलं, नातवंडं त्याच एका यादीकडे बोट दाखवतात. ‘अपेंड’ केलं की ती एकच यादी वाढते. नवशिक्यांचा गोंधळ इथे होतो, कारण तसाच ठेवलेला आकडा मात्र नीट वागतो. ‘सेल्फ.दर = ८०’ लिहिलं की त्या एका ऑब्जेक्टवर नवीन ‘दर’ बसतो आणि क्लासवरचा तसाच राहतो. फरक नेमणूक आणि बदल यांतला आहे. ‘=’ नवी पाटी लावतं, ‘अपेंड’ जुन्याच भांड्यात भर घालतं.

यादी ‘इनिट’च्या आत नेली, ‘सेल्फ.थकबाकी’ म्हणून. ‘इनिट’च्या कंसात डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिली तरी हाच घोळ होतो, तेही करून पाहिलं.

नोंद ५, ९ जून. वेळ: तीन तास

आजची चूक सगळ्यात महाग पडली असती. ‘भाड्याचीसदनिका’मध्ये ‘एकूण’ मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे पालकातली मेथड त्याच नावाने मुलात पुन्हा लिहिली:

    डेफ एकूण(सेल्फ):
        रिटर्न सुपर().एकूण() * १.१०

दिसायला सुटसुटीत. पालकाचं एकूण घ्या, १० टक्के वाढवा. बी-२०३ भाड्याने दिली असं धरून चालवलं तर ४,८४० आले. हाताचा हिशोब ४,५८५ सांगतो. नॉन-ऑक्युपन्सी सेवा शुल्काच्या १० टक्के, म्हणजे १८५ रुपये. इथे सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, लिफ्ट, पाणी या सगळ्यांवर १० टक्के लागून ४४० झाले. एका सदनिकेमागे महिन्याला २५५ रुपये जादा. भाड्याच्या ११ सदनिका साधारण याच मापाच्या आहेत, म्हणजे दर महिन्याला सुमारे २,८०० रुपये सदस्यांकडून चुकीचे घेतले गेले असते. प्रोग्राम कुठेही अडत नाही, एरर येत नाही, बिल देखणं निघतं. पैशांच्या प्रोग्रामात धास्ती अशाच चुकीची घ्यावी.

‘सुपर().एकूण()’ बोलावलं की पालकाने आत काय काय मिळवलं ते मुलाला दिसत नाही. त्याच्या हाती तयार बेरीज येते, आणि तयार बेरजेतून सेवा शुल्क वेगळं काढता येत नाही. मुलाला जिथे फरक करायचा आहे तेवढीच जागा पालकाने वेगळी काढून द्यायला हवी. म्हणून ‘गाळा’तली ‘एकूण’ फोडली: सेवा, लिफ्ट, सिंकिंग, दुरुस्ती, पाणी, नॉनऑक्युपन्सी अशा सहा छोट्या मेथड. पालकातली ‘नॉनऑक्युपन्सी’ शून्य परत करते, ‘भाड्याचीसदनिका’तली सेवा शुल्काचा दहावा भाग देते. ‘एकूण’ फक्त पालकात लिहिली, तिला कुणी हात लावायचा नाही. पालकातली ‘एकूण’ जेव्हा ‘सेल्फ.नॉनऑक्युपन्सी()’ बोलावते तेव्हा शोध ‘सेल्फ’च्या खऱ्या क्लासपासून सुरू होतो. ओळ पालकाची असली तरी चालते मुलाची मेथड. हे प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीत ‘प्रिंट’ टाकून दोनदा बघा. एकदा दिसलं की ओव्हरराइडिंग कायमचं कळतं.

४,५८५. जुळलं.

नोंद ६, ११ जून. वेळ: अडीच तास

दोन दिवसांनी ११ ही सदनिकांची नॉन-ऑक्युपन्सी शून्य येऊ लागली. फाइल आवरताना मुलातली मेथड पुन्हा टाइप झाली होती: ‘नॉनऑक्यूपन्सी’, क्यू दीर्घ. पालकात ‘नॉनऑक्युपन्सी’, क्यु ह्रस्व. पायथनच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मेथड. मुलातली कुणी बोलावत नाही, आणि पालकातली शून्य देणारी निमूट चालते. ह्रस्व-दीर्घाने पैसे बुडतात ते असे.

उपाय दोन सापडले. पायथन ३.१२ मध्ये ‘टायपिंग’ मॉड्यूलमध्ये ‘ओव्हरराइड’ नावाचं डेकोरेटर आहे. मुलातल्या मेथडच्या डोक्यावर ‘@ओव्हरराइड’ लावलं आणि ‘मायपाय’ (कोड न चालवता तपासणारं वेगळं साधन) चालवलं की पालकात त्या नावाची मेथड नसल्यास ते ओळ क्रमांकासकट दाखवतं. पायथन स्वतः चालताना हे तपासत नाही, त्यामुळे नुसतं डेकोरेटर लावून ‘मायपाय’ न चालवणं म्हणजे कुलूप घेऊन कडी न लावणं. दुसरा उपाय, जिथे शून्य हे उत्तर कधीच बरोबर असू शकत नाही अशा मेथडना पालकात ‘ॲब्स्ट्रॅक्टमेथड’ करता येतं, मात्र तो पालक पायथनच्या ‘एबीसी’ या तयार क्लासचा वारस हवा. मग मुलाने ती लिहिली नसेल तर ऑब्जेक्टच बनत नाही, टाइपएरर येतो. आज अडलेलं महिनाअखेरीला अडण्यापेक्षा बरं.

नोंद ७, १४ जून. वेळ: चार तास, सगळे वाया

बी-१०४ चा भाडेकरू गेला, मालक राहायला आले. ऑब्जेक्ट ‘भाड्याचीसदनिका’चं. आता ते ‘सदनिका’चं कसं करायचं?

पहिला प्रयत्न: नवीन ‘सदनिका’ बनवायची आणि जुन्यातली माहिती उतरवायची. क्रमांक, खर्च, नळ उतरवले, थकबाकी राहिली. ती जोडली तर कळलं की पावत्यांची यादी अजून जुन्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवते आहे. नवीन पावती जुन्यावर चढली.

दुसरा प्रयत्न: पायथनमध्ये चालू ऑब्जेक्टच्या ‘__क्लास__’ला दुसरा क्लास नेमता येतो. एका ओळीत काम झालं. थकबाकी जागेवर, पावत्या जागेवर. त्याच दिवशी उलट दिशेची वेळ आली, ए-३०१ भाड्याने गेली. ‘भाड्याचीसदनिका’ला भाडेकराराची शेवटची तारीख लागते आणि ती ‘इनिट’मध्ये बसते. क्लास असा बदलला की ‘इनिट’ चालतच नाही. तारीख नाही, एरर. ही युक्ती काढून टाकली. वापरू नका.

दुकानंही भाड्याने जातात. त्यांना ‘भाड्याचंदुकान’ हवं. शिवाय मालकाचे आईवडील, मुलं, भावंडं राहत असतील तर नॉन-ऑक्युपन्सी लागत नाही, म्हणजे तिसरा प्रकार. सदनिका आणि दुकान हे दोन, राहण्याचे प्रकार तीन, असे सहा क्लास. दोन सदनिका जोडून एक केलेली दोन घरं आहेत, ती धरली तर नऊ. क्लासची संख्या गुणाकाराने वाढू लागली की पाया चुकला आहे, हे ओळखायला आज चार तास लागले.

भाडेकरू असणं ही सदनिकेची जात नाही, ती आजची स्थिती आहे. उद्या बदलू शकणाऱ्या गोष्टीला क्लास करायचा नाही, ती ऑब्जेक्टमधलं एक ॲट्रिब्यूट असते. चूक अशी झाली की ‘भाड्याची सदनिका ही सदनिका आहे का’ हाच प्रश्न विचारला. मराठीत त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि क्लास तयार होतो. त्याच्यासोबत ‘ती नेहमीच तशी राहील का’ हेही विचारायला हवं होतं.

नोंद ८, १५ जून. वेळ: साडेतीन तास

निर्णय घेण्याआधी मल्टिपल इनहेरिटन्सही (एका क्लासला दोन पालक) करून पाहिला, कारण पुढे कुणीतरी तो सुचवणारच. ‘भाड्याचा’ हा वेगळा क्लास, आणि ‘भाड्याचंदुकान(भाड्याचा, दुकान)’. दोघांचाही पालक ‘गाळा’.

चालतं, पण ‘सुपर’ म्हणजे पालक ही समजूत इथे मोडते. ‘भाड्याचा’मधलं ‘सुपर()’ इथे ‘गाळा’कडे जात नाही, ‘दुकान’कडे जातं, कारण क्रमात त्याच्यानंतर तेच उभं आहे. त्यामुळे ‘भाड्याचा’ने जे तीन आकडे पुढे पाठवले ते चार मागणाऱ्या ‘दुकान’च्या ‘इनिट’मध्ये पडले आणि टाइपएरर आला. सगळ्या ‘इनिट’नी नावाने आर्ग्युमेंट घ्यायची आणि उरलेली पुढे ढकलायची, असं केल्यावर सुटलं. कंसात ‘गाळा’ आधी आणि ‘दुकान’ नंतर लिहून पाहिलं, तर क्लास बनतानाच एमआरओचा एरर येतो. पालकाला त्याच्याच मुलाच्या पुढे उभं करता येत नाही.

एवढ्याशा बिलासाठी हे ओझं नको. काढून टाकलं.

नोंद ९, १८ आणि १९ जून. वेळ: पाच तास

‘दुकान’मध्ये लिफ्टचा आकार शून्य केला होता. तळमजल्यावरचा माणूस लिफ्ट कशाला वापरेल, असा विचार होता. उपविधी पुन्हा वाचल्या. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सदस्यांना खर्च समान, वापर करोत वा न करोत. ओव्हरराइड काढला. पाटीचं भाडंही सगळ्या दुकानांना नाही, चारांनाच. तेही ॲट्रिब्यूट झालं. मग ‘दुकान’ क्लास उघडून पाहिला तर आत वेगळं असं काही उरलंच नव्हतं. ‘सदनिका’त तर पहिल्या दिवसापासून ‘पास’ होतं.

प्रकल्पाची कूस इथे बदलली. दुकान आणि सदनिका यांची नावं वेगळी, पण बिलाच्या दृष्टीने वागणं एकच. वागणं वेगळं आहे ते आकारांचं: एक समान वाटला जातो, एक बांधकाम खर्चावर चालतो, एक नळ मोजतो, एक भोगवटा बघतो. इनहेरिटन्स तिथे हवा होता. नावांमध्ये शोधत बसलो म्हणून पंधरवडा गेला.

नवी मांडणी अशी. ‘गाळा’ एकच, साधा, मुलं नसलेला. त्यात क्रमांक, खर्च, नळ, पाटी, थकबाकी आणि ‘भोगवटा’: स्वतः, नातेवाईक किंवा भाडेकरू. दुसरीकडे ‘आकार’ हा पालक (पाठ्यपुस्तकांत इनहेरिटन्सला वर्तुळ-चौकोनाचा आकार असतो, हा बिलातला आकार):

    क्लास आकार(एबीसी):
        डेफ __इनिट__(सेल्फ, नाव):
            सेल्फ.नाव = नाव
        @ॲब्स्ट्रॅक्टमेथड
        डेफ रक्कम(सेल्फ, गाळा): ...

त्याची मुलं पाच. ‘समानआकार’ दर साठवतो आणि तोच परत देतो, सेवा आणि लिफ्ट ही त्याची दोन ऑब्जेक्ट. ‘खर्चटक्केआकार’ वार्षिक टक्के साठवतो आणि गाळ्याच्या खर्चावरून महिन्याचा बारावा हिस्सा काढतो, सिंकिंग आणि दुरुस्ती ही त्याची दोन ऑब्जेक्ट. त्यासाठी दोन वेगळे क्लास करायचा मोह झाला होता. पण फरक फक्त आकड्याचा असेल तर क्लास नको, ऑब्जेक्ट पुरतं. ‘नळआकार’ आणि ‘पाटीआकार’ सरळ आहेत. ‘नॉनऑक्युपन्सीआकार’ला त्याच्या ‘इनिट’मध्ये सेवा शुल्काचं ऑब्जेक्ट हातात दिलं. भोगवटा ‘भाडेकरू’ असेल तर ‘सेल्फ.सेवा.रक्कम(गाळा)’चा दहावा भाग, नाहीतर शून्य. त्याला सेवा शुल्काचा वारस केलं नाही. त्याला त्याची गरज आहे, ते तो नाही. उद्या सेवा शुल्क २,००० झालं तर नॉन-ऑक्युपन्सी आपोआप २०० होते.

बिल काढणं आता एक लूप आहे: यादीतल्या प्रत्येक आकाराला गाळा द्या, रक्कम घ्या, मिळवा. हा आकार कोणत्या जातीचा असं कुठेही विचारावं लागत नाही. जुन्या फाइलमध्ये ‘इझइन्स्टन्स’ (ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचं ते विचारणारं फंक्शन) सात ठिकाणी होतं, आता शून्य. ओळी २१२ वरून १३१ वर आल्या. बी-१०४ चा मालक परत आला तर एका ॲट्रिब्यूटची किंमत बदलते. महिन्याच्या १ तारखेची स्थिती धरायची असं समितीने ठरवून दिलं, त्यामुळे अर्ध्या महिन्याचा प्रश्न उरला नाही.

नोंद १०, २१ जून. वेळ: दोन तास

दर चुकून ऋण टाकला जाऊ नये म्हणून ‘आकार’च्या ‘इनिट’मध्ये शेवटी ‘सेल्फ.तपासा()’ बोलावलं आणि प्रत्येक मुलाने ‘तपासा’ ओव्हरराइड केली. ‘नळआकार’ लगेच पडला: ‘दर’ नाही.

‘सुपर’ची ओळ पहिली ठेवायची हा नोंद ३ मधला नियमच इथे आड आला. पालकाचं ‘इनिट’ आधी चालतं, ते मुलाची ‘तपासा’ बोलावतं, आणि मुलाने ‘सेल्फ.दर’ अजून बसवलेला नसतो. पायथन निदान एरर तरी देतो. जावात हाच कोड न अडता चालतो आणि दर शून्य दिसतो. सी++ मध्ये कन्स्ट्रक्टरमधून पालकाचीच मेथड चालते. दुसऱ्या भाषेतून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पालकाच्या ‘इनिट’मधून ओव्हरराइड होणारी मेथड बोलवायची नाही, एवढं ठरवलं. ‘तपासा’ आता बिलाच्या लूपआधी एकदा सगळ्या आकारांवर चालते.

याच दिवशी आणखी एक. पार्किंगसाठी ‘रक्कम(गाळा, वाहनं)’ अशी जादा आर्ग्युमेंटची मेथड लिहिली. लूप एकच आर्ग्युमेंट देतो, म्हणून टाइपएरर. मुलाची मेथड पालकाच्या जागी उभी राहणार असेल तर तिने पालकापेक्षा जास्त मागायचं नाही. वाहनांची संख्या ‘गाळा’त नेली.

नोंद ११, २५ जून. वेळ: चार तास

मागच्या तीन महिन्यांची १४४ बिलं नव्याने काढून एक्सेलशी ताडली. १३२ जुळली, १२ नाही.

त्यातली ९ एक-एक रुपयाने चुकली. तीन सदनिकांचा बांधकाम खर्च १९,८०,००० आहे, सिंकिंग फंड महिना ४१२.५० येतो. एक्सेल त्याचे ४१३ करतं, पायथनचं ‘राउंड’ ४१२ करतं, कारण बरोबर अर्ध्यावर ते जवळच्या सम संख्येकडे जातं. सगळ्या रकमा ‘डेसिमल’मध्ये नेल्या आणि ‘क्वांटाइझ’ला अर्ध्याला वर नेणारा पर्याय दिला. पूर्णांकात आणण्याची ही मेथड ‘आकार’मध्ये एकदाच लिहिली, सगळ्या मुलांना मिळाली. पालकात ठेवायचा माल तो हा: सगळ्यांना अगदी सारखा लागणारा.

उरलेली ३ बिलं सी-३०२ ची. भाड्याच्या म्हणून नोंदलेल्या ११ सदनिकांपैकी ती एक, पण तिथे मालकाचे आईवडील राहतात. एक्सेलमध्ये त्यांना नॉन-ऑक्युपन्सी लागत होती, महिना १८५ प्रमाणे ५५५ रुपये. नवीन बिल बरोबर, जुनं चूक. ही रक्कम त्यांच्या पुढच्या बिलातून वजा करण्यासाठी समितीकडे लेखी दिली.

नोंद १२, २ जुलै. वेळ: ३५ मिनिटं

विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगचा आकार जोडायला सांगितलं. युनिट गुणिले दर, वर जोडणीमागे ठरावीक रक्कम. ‘चार्जिंगआकार(आकार)’ लिहिला, १४ ओळी. ‘गाळा’त युनिट आणि जोडण्या ही दोन ॲट्रिब्यूट, यादीत एक ऑब्जेक्ट. लूपला हात लागला नाही, बाकीच्या मुलांनाही नाही. ‘मायपाय’ स्वच्छ. बी-२०३ ला चार्जिंगची जोडणी नाही, तिचं बिल अजूनही ४,४००.